कागदावर राहिलेला किनारा

मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीनंतर चहाचा कप घेऊन उभा होतो. ओळखीच्या एका काकूंनी माझ्या मोबाईलच्या कव्हरकडे बोट दाखवलं. "हे काय रे? त्सुनामीचं चित्र घेऊन फिरतोस?"

"काकू, त्सुनामी नाही ती. साधी लाट आहे."

काकूंनी चष्मा कपाळावर चढवून कव्हर अगदी डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, "साध्या लाटेला एवढी नखं कशाला?"

त्याच वेळी अंकाचं काम बघणारी आमची ताई शेजारी उभी होती. "आता तूच लिही यावर," असं म्हणून तिने मला तिथल्या तिथे पकडलं. म्हणून हा लेख. मी बी. ई. कॉम्प्युटर, चित्रकलेत शाळेतल्या एलिमेंटरीच्या परीक्षेपुढे गेलेलो नाही. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

पण काकूंचं निरीक्षण मात्र शंभर टक्के बरोबर होतं. त्या लाटेच्या फेसाला खरोखरच नखं आहेत. होकुसाई नावाच्या जपानी चित्रकाराचं हे चित्र साधारण १८३१ सालचं. लाट एवढी मोठी की तिच्याखाली तीन लांबट नावा आहेत हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. त्या नावांमध्ये माणसं वल्ह्यांवर पालथी पडल्यासारखी वाकली आहेत. या नावा म्हणजे त्या काळची एक्सप्रेस डिलिव्हरी. ताजी मासळी एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या बाजारात लवकरात लवकर पोचवायची, हे त्यांचं काम. आणि मागे, लाटेच्या खोलगट भागात, जी तिसरी छोटी लाट वाटते ती लाट नाहीच, तो बर्फाने माखलेला फुजी डोंगर आहे. चित्र मुळात फुजीचंच. 'फुजीची छत्तीस दृश्यं' या मालिकेतलं. (मालिका इतकी खपली की प्रकाशकाने आणखी दहा चित्रं काढून घेतली, म्हणजे छत्तीसची झाली सेहेचाळीस. नाव तेच राहिलं.)

आम्हा बडोदेकरांना समुद्र म्हणजे सयाजीबागेतल्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा. लहानपणी दर सुट्टीत पाहुणे आले की त्यांना तो दाखवायला न्यायचं. त्याच संग्रहालयात जपानी वस्तूंचं दालनही आहे, पण सांगाडा आणि इजिप्तची ममी सोडून तिकडे वळण्याइतका धीर आमच्यात कधीच नव्हता. त्यामुळे २०१६ साली कंपनीने मला अडीच वर्षांसाठी योकोहामाला पाठवलं, तेव्हा जपानी चित्रांबद्दल माझं ज्ञान शून्य होतं. पहिल्या आठवड्यात कळलं की मला घर मिळालंय तो शहराचा भाग 'कानागावा' म्हणून ओळखला जातो. आणि या जगप्रसिद्ध लाटेच्या नावाचा अर्थ होतो, कानागावाच्या समुद्रात, लाटेखाली. म्हणजे ती लाट माझ्या घरासमोर यायला हवी होती!

मी पहिल्याच रविवारी समुद्र शोधायला निघालो. सापडले ते गोदामं, उड्डाणपूल, मालाचे कंटेनर आणि दोन बाजूंनी सिमेंटने बांधलेला एक काळपट कालवा.

तेव्हापासून हा नाद लागला. होकुसाईच्या लाटेत किनारा नाहीच, तिथे आपण भर समुद्रात असतो. किनारे बघायचे तर हिरोशिगेकडे जावं लागतं. हिरोशिगे जन्मला १७९७ साली, घराणं सामुराईंचं, पण काम एदोच्या आग विझवणाऱ्या दलात. एदो ते क्योतो असा सुमारे ५०० किलोमीटरचा राजमार्ग होता, तोकाइदो. त्यावर ५३ मुक्काम. हिरोशिगेने १८३३-३४च्या सुमारास या मुक्कामांची मालिका काढली. सुरुवात आणि शेवट धरून ५५ चित्रं. तोकाइदो म्हणजेच पूर्व समुद्राचा रस्ता, त्यामुळे या चित्रांत समुद्र पुन्हा पुन्हा डोकावतो. पाऊस, बर्फ, खाडी, होडी, ओझी वाहणारे हमाल, पाय चोळत बसलेले वाटसरू. राजेरजवाडे कमी, आपल्यासारखी माणसं जास्त.

यात तिसरा मुक्काम कानागावा. चित्रात एक चढ आहे. उजव्या हाताला ओळीने चहाची दुकानं, दारात उभ्या असलेल्या बाया वाटसरूंना अक्षरशः हात धरून आत ओढताहेत. आणि डाव्या हाताला, दुकानांच्या अगदी पायाशी, समुद्र. शिडाच्या होड्या नांगरलेल्या. हा चढ आजही आहे. योकोहामा स्टेशनच्या मागच्या बाजूने पायी जाता येतं. चित्रातल्या एका चहाच्या दुकानाचा वारसा सांगणारं उपाहारगृह १८६३ सालापासून त्याच चढावर चालू आहे. मी फोनवर चित्र उघडून तिथे उभा राहिलो. चढ जुळला, वळण जुळलं. डावीकडे पाहिलं तर इमारती, त्यांच्यामागे इमारती आणि त्याही मागे स्टेशन. होड्या जिथे उभ्या होत्या तिथून आता लोकल सुटतात. समुद्र भरत भरत माणसांनी त्याला इतकं मागे ढकललं की त्या चढावरून तो दिसतसुद्धा नाही.

या आनंदात मी एक उद्योग केला. एका जुन्या बाजारातून याच चित्राची एक प्रत विकत घेतली. पिवळसर कागद, कडा थोड्या खाल्लेल्या, कोपऱ्यात लाल शिक्का. किंमत सांगत नाही, कारण ती अजून घरी खरी सांगितलेली नाही.

पुढच्या नोव्हेंबरात आई-बाबा तीन आठवड्यांसाठी आले. बाबांबद्दल इथे थोडं सांगायला हवं. दांडिया बाजारात आमचा छोटा छापखाना होता. आधी ट्रेडल, खिळ्यांच्या पेट्या, नंतर एक जुनं ऑफसेट मशीन. मराठी आणि गुजराती लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, दुकानांची बिलबुकं, मंडळाचे अहवाल. तुमच्यापैकी काहींच्या घरच्या पत्रिका बाबांनी छापलेल्या असतील. मी एकुलता एक. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये नोकरी लागली त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी छापखाना बंद केला. ट्रेडल किलोच्या भावाने भंगारात गेलं. मी तेव्हा पुण्यात ट्रेनिंगला होतो. त्यावर आमच्यात कधीच काही बोलणं झालं नाही. बाबा बोलले नाहीत, मी विचारलं नाही.

आल्या दिवशी संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत ते चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. बाबांनी खिशातून भिंग काढलं. छापखान्यातलं ते घडीचं भिंग त्यांच्याकडे अजून असतं, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला. भिंग कागदावर टेकवलं, डोळा लावला आणि दहा सेकंदांत म्हणाले, "ऑफसेट आहे रे हे."

मी म्हटलं, "बाबा, दोनशे वर्षांपूर्वीचं आहे."

"तू बघ."

मी पाहिलं. निळ्या समुद्रात ठिपकेच ठिपके. निळे, लाल, पिवळे, काळे, नीट रांगोळीसारखे मांडलेले. लाकडी ठशाच्या छपाईत ठिपके नसतात. तिथे रंग सलग बसतो, कागदात मुरतो, कागद उलटा केला तर मागून डाग दिसतो, आणि नीट पाहिलं तर मोकळ्या रंगात लाकडाच्या रेषासुद्धा उमटलेल्या असतात. माझ्या चित्राची मागची बाजू कोरी करकरीत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मित्राला दाखवलं, तर तो खालची बारीक अक्षरं वाचून म्हणाला, "इथे लिहिलंय ना, प्रतिकृती म्हणून." म्हणजे विकणाऱ्याने फसवलं नव्हतं. मला वाचता येत नव्हतं, एवढंच.

बाबांना मात्र आता उत्सुकता लागली. ठिपके नाहीत तर आकाशाचा रंग गडदकडून फिक्याकडे जातो कसा? मला उत्तर देता येईना. शेवटी तोक्योत एके ठिकाणी ठशांच्या छपाईचं प्रात्यक्षिक असतं असं कळलं. तिथे गेलो.

एक साठीच्या पुढचे गृहस्थ जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर उतरतं मेज, त्यावर जंगली चेरीच्या लाकडाचा ठसा. पद्धत अशी, की चित्रकार पातळ कागदावर फक्त रेषांचं चित्र काढून देतो. कोरणारा तो कागद पालथा लाकडावर चिकटवतो आणि कागदासकट कोरतो. म्हणजे मूळ चित्र तिथेच संपतं! होकुसाईच्या हातची ती लाट कुठे आहे, असं विचारलं तर उत्तर आहे, कोरताना भुसा होऊन गेली. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. छापणारा ब्रशने ठशावर पाण्यात कालवलेला रंग लावतो, ओलसर केलेला कागद वर ठेवतो आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या एका चपट्या चकतीने पाठीमागून घासतो. यंत्र नाही, दाब सगळा खांद्याचा. एक रंग झाला की दुसरा ठसा, तोच कागद.

बाबा गुडघे दुखत असूनही पुढे सरकून बसले. "आता बघ, रंग सुटतो की नाही," मला हळूच म्हणाले. रंग एकावर एक तंतोतंत बसणं ही त्यांची जन्मभराची डोकेदुखी. इथे कागद हाताने ठेवायचा, तोही ओला, पाच-सात वेळा. पण रंग सुटला नाही. मग बाबांना दिसल्या त्या ठशाच्या कडेला कोरलेल्या दोन खाचा. एक काटकोनी, कोपऱ्यासाठी, दुसरी सरळ, कडेसाठी. कागदाचा कोपरा एकीत टेकवायचा, कड दुसरीत, आणि मग कागद खाली सोडायचा. "अरे, ह्या तर आपल्या ट्रेडलच्या पिना!" बाबा एवढ्या मोठ्याने म्हणाले की बाकीच्या पाहुण्यांनी मागे वळून पाहिलं. छापणाऱ्या गृहस्थांना शब्द कळला नाही, पण बोट कुठे आहे ते दिसलं. त्यांनी मान डोलावली आणि खाच पुन्हा एकदा सावकाश दाखवली.

मग आकाश. ठशावर निळा रंग लावून झाल्यावर त्यांनी ओल्या फडक्याने त्याचा एक भाग पुसत पुसत नेला. वर गडद, खाली येईतो नाहीसा. हिरोशिगेच्या समुद्रात क्षितिजाशी किंवा किनाऱ्याशी जी निळी पट्टी विरत जाते ती हीच. ती ठशावर कोरलेली नसते. दर कागदाला नव्याने पुसावी लागते. म्हणून दोन प्रती कधीच अगदी सारख्या नसतात, आणि पुढे मागणी वाढली, घाई झाली की हे पुसणं आधी गाळलं जायचं. पहिल्या छपाईतली चित्रं आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवली की हा फरक लगेच दिसतो. (पहिला रिलीज जीव ओतून आणि पुढचे डेडलाईन बघून, हा प्रकार आमच्या धंद्यातलाच नाही तर.) आणि एवढं करून कागदावर नाव कोणाचं? चित्रकाराचं आणि प्रकाशकाचं. कोरणारा आणि छापणारा बहुतेक वेळा बिननावाचे. होकुसाईच्या लाटेच्या नखांच्या त्या केसाएवढ्या रेषा ज्याने कोरल्या, त्याची सही चित्रावर कुठेही नाही.

प्रात्यक्षिक संपलं तेव्हा बाबा मला म्हणाले, "विचार त्यांना, मुलगा करतो का हे काम?"

माझं जपानी कामचलाऊ होतं, पण हा प्रश्न विचारता येण्याइतकं नक्की होतं. मी विचारलं, "तुम्ही किती वर्षं हे काम करताय?"

त्यांनी चार बोटं वर केली. चाळीस.

बाबांनी चार बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चार?"

मी म्हटलं, "हो." आणि आम्ही निघालो. जाताना पाहिलं तर मागच्या बाजूला विशी-पंचविशीतली एक मुलगी ठसे धुऊन उभे लावत होती. ती त्यांची कोण, हे विचारायचं राहिलं.

त्या निळ्या रंगाबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण तो नसता तर हे समुद्र झालेच नसते. आधी जपानी छापखान्यांकडे दोन निळे होते. एक आपल्यासारखीच नीळ, आणि दुसरा एका रानफुलाचा रस, जो पाण्याने आणि उजेडाने बघता बघता उडून जायचा. आकाशभर, समुद्रभर पसरेल असा टिकाऊ, खोल निळा नव्हताच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये एक कृत्रिम निळा रंग अपघाताने तयार झाला. जपानने तेव्हा परदेशी लोकांना दारं जवळजवळ बंद केली होती. डच आणि चिनी व्यापाऱ्यांमार्फत तो हळूहळू आला आणि १८३०च्या आसपास एकदम स्वस्त झाला. बर्लिनचा म्हणून त्याचं जपानी नावच पडलं 'बेरो'. होकुसाईची लाट नेमकी याच वेळची. नीट पाहिलंत तर त्या चित्रातल्या रेषासुद्धा काळ्या नाहीत, निळ्या आहेत. ज्या चित्राला जग अस्सल जपानी म्हणतं, त्याचा जीव जर्मन रंगात आहे. पुढे इंजिनियरांच्या ब्लूप्रिंटमध्येही हाच निळा आला, म्हणजे आमच्या बिरादरीशी त्याचं नातं आहेच.

आणि होकुसाई त्या वेळी सत्तरीचा होता. त्याने तरुणपणापासून लाटा काढल्या होत्या. १८०३ आणि १८०५च्या आसपासच्या दोन चित्रांत हीच मांडणी आहे. मोठी लाट, खाली नावा. पण त्यातली लाट दगड कोरून ठेवल्यासारखी जड दिसते. तेच चित्र तो पंचवीस-तीस वर्षं मनात घोळवत राहिला. हे वाचल्यावर मला माझ्या अर्धवट सोडलेल्या प्रोजेक्टांची जरा कमी लाज वाटली.

शेवटच्या आठवड्यात आम्ही युईला गेलो. तोकाइदोवरचा हा सोळावा मुक्काम, आणि हिरोशिगेच्या चित्रांतला माझा सगळ्यात आवडता. डाव्या बाजूला उभा कडा, त्याच्या टोकाशी दोन-तीन इवलेसे वाटसरू खाली वाकून बघताहेत, एकाची तर घाबरगुंडी उडालेली स्पष्ट दिसते. वाकडी झाडं, खाली सुरुगाचा उपसागर, पांढरी शिडं, समोर फुजी. या खिंडीचं नाव सात्ता. आजही संत्र्यांच्या बागांमधून वर चढत गेलं की त्याच जागी उभं राहता येतं. आणि फुजी अगदी तिथेच असतो. कडा तोच, उपसागर तोच. खाली मात्र समुद्राच्या काठाने तीन पट्टे गेलेत. रेल्वे, महामार्ग आणि द्रुतगती मार्ग, एकमेकांना खेटून. गंमत अशी, की ज्या जमिनीवरून ते जातात ती हिरोशिगेने ते चित्र काढलं तेव्हा पाण्याखाली होती. १८५४च्या डिसेंबरात मोठा भूकंप झाला आणि इथला समुद्रतळ वर उचलला गेला. कड्याच्या पायथ्याशी किनाऱ्याची अरुंद पट्टी तयार झाली. कानागावात माणसांनी समुद्र मागे लोटला, इथे पृथ्वीनेच तो लोटला. हिरोशिगेने सात्ताचं आणखी एक चित्र काढलं, ते १८५८ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी. त्यात मोठी लाट उसळलेली आहे, आणि ती लाट पाहिली की म्हाताऱ्या होकुसाईला केलेला नमस्कारच वाटतो. निदान मला वाटतो.

सात्ताची वरची वाट १६५५ साली कोरियाच्या राजदूतांच्या स्वारीसाठी केली. त्याआधी लोक खालून, कड्याच्या पायथ्याने जायचे. लाट मागे गेली की पळायचं, पुढची लाट यायच्या आत पलीकडचा खडक गाठायचा. त्या वाटेला नाव होतं, बापाला पोराचं भान नाही, पोराला बापाचं भान नाही. म्हणजे पळताना मागे वळून बघायलाही उसंत नाही.

हे मी तिथल्या पाटीवरून अडखळत वाचून बाबांना सांगितलं. आई मागे संत्री विकत घेत होती. तिथे पैशांचा डबा ठेवलेला असतो, माणूस नसतो, याचं तिला फार कौतुक. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी वेगळाच प्रश्न विचारला होता."

बाबा फुजीकडे बघत होते. म्हणाले, "मला कळलं होतं. मुलगा करतो का विचारल्यावर चार बोटं कोण दाखवतं?"

थोड्या वेळाने म्हणाले, "ट्रेडल विकलं त्या दिवशी मशीनवाल्याने पिना काढून ठेवल्या होत्या. मीही ठेवल्यात. कपाटात आहेत." आणि मग, "चल, भूक लागली."

युईची प्रसिद्ध गोष्ट म्हणजे गुलाबी, बारीक कोळंबी. समुद्रातून काढतात आणि नदीकाठी काळ्या जाळ्यांवर वाळत घालतात, सगळा किनारा गुलाबी दिसतो. आम्हाला वाळवण पाहायला मिळालं नाही, पण एका छोट्या दुकानात त्या कोळंबीची भजी मिळाली. बाबांनी एक घास घेतला आणि जाहीर केलं, "हा जवळा आहे." आईने पडताळा घेतला. जवळाच. फक्त मीठ कमी. पुढच्याच वर्षी, २०१८च्या शरदात, मासळी इतकी घटली की तिथल्या कोळ्यांना तो हंगाम बंद ठेवावा लागला. बातमी वाचून मी पहिला फोन बाबांना केला होता.

आईला मात्र सगळ्यात आवडलं ते ओमोरीचं संग्रहालय. तोक्योच्या दक्षिणेला शिनागावापासून पुढचा सगळा किनारा एके काळी उथळ होता आणि तिथे समुद्रात फांद्या रोवून नोरी नावाचं शेवाळ वाढवत. सुशीभोवती गुंडाळलेला काळा कागद असतो ना, तेच. हिरोशिगेच्या 'एदोची शंभर दृश्यं' मालिकेत या किनाऱ्याचं चित्र आहे, पाण्यात काड्यांच्या रांगाच रांगा. मला आधी वाटलं होतं कुंपण आहे. बंदर आणि कारखान्यांसाठी भराव घालायचं ठरलं, कोळ्यांनी हक्क सोडले आणि १९६३च्या वसंतात तिथलं शेवटचं पीक निघालं. आता संग्रहालयात होड्या, मोजे, चटया, आणि शेवाळ कुटून चौकोनी थापून उन्हात लावायच्या चौकटी आहेत. आई त्या चौकटींपुढे बराच वेळ उभी होती. "पापडच की हे," म्हणाली. बाहेर एक वाळूचा किनारा आहे, तोही नवा, मुद्दाम केलेला. मुलं त्यावर खेळत होती.

मी परत आल्यावर एक बातमी आली, ती वाचून मात्र चुटपुट लागली. जपानची पहिली रेल्वे १८७२ साली शिनबाशी ते योकोहामा धावली. ताकानावाजवळ तिचा मार्ग चक्क समुद्रात दगडी बांध घालून त्यावरून नेला होता. त्या काळच्या चित्रांत, तिसऱ्या हिरोशिगेच्या चित्रांतही, हे दिसतं. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून धूर सोडत जाणारी गाडी. मला वाटायचं, चित्रकाराने तिखटमीठ लावलंय. पुढे समुद्र भरला गेला आणि बांध जमिनीखाली गडप झाला. २०१९ साली तिथे नव्या बांधकामासाठी खोदताना तो दगडी बांध सापडला, जवळजवळ जसाच्या तसा. मी रोज त्याच मार्गाने गाडीतून जात होतो. चित्रकाराने काही वाढवून सांगितलं नव्हतं.

विसाव्या शतकातल्या चित्रकारांबद्दल लिहायचं ठरवलं तर दुसरा लेख होईल, पण योशिदा हिरोशीचं नाव तरी घेतो. त्याने १९२६ साली शिडाच्या होड्यांचं एकच दृश्य सहा वेळा छापलं. सकाळ, दुपारपूर्वी, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र. मुख्य ठसा तोच, फक्त रंग बदलले. ऑफिसात आम्ही एकाच स्क्रीनच्या डार्क आणि लाईट थीम करतो तेव्हा मला हा माणूस आठवतो, आणि आपलं काम फारच सोपं वाटतं. हा योशिदा १९३०-३१ साली हिंदुस्थानात येऊन गेला आणि त्याने अजिंठ्याचंही चित्र केलं. होड्यांच्या चित्रांत आणि अजिंठ्याच्या चित्रात उजेडाकडे बघायची नजर एकच आहे.

होकुसाईची लाट आता जपानच्या हजार येनच्या नोटेवर आहे, जुलै २०२४ पासून. तिची एक चांगली जुनी प्रत २०२३ साली न्यू यॉर्कच्या लिलावात सत्तावीस लाख डॉलरच्या वर गेली. छापली तेव्हा अशा चित्राची किंमत एक-दोन वाडगे नूडल्सएवढी असे.

आमच्याकडे बडोद्याला दोन चित्रं आहेत. त्या प्रात्यक्षिकात पाहुण्यांना पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापून बघू देत होते. बाबांनी लाट छापली. तीन ठसे, तीन रंग. मला ती बिनचूक वाटली होती. घरी आल्यावर बाबांनी भिंग लावलं, फिका निळा रंग केसभर सुटलाय म्हणाले, आणि मागे पेन्सिलीने तारीख घालून 'रद्द' असं लिहिलं. छापखान्यात खराब प्रुफावर लिहायचे तसं. मी फ्रेम करू का विचारलं तर म्हणाले, "रद्दी काय लावायची भिंतीवर?" ती कपाटात आहे, ट्रेडलच्या पिनांच्या डबीशेजारी.

भिंतीवर लागलंय ते माझं कानागावाचं ऑफसेट. काकू परवा आमच्याकडे आल्या होत्या. मी काही सांगायच्या आत बाबांनी त्यांच्या हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "बघा, ठिपके दिसतात का?"